साडेचारशेची मॅट

नेवारे सरांना डिकीही हवी आणि बेसही.
जुनी एस्टीम, मागच्या डाव्या मडगार्डच्या पोटात बसेल
असा डबा, दहा इंची स्पीकर,
आत वीस लिटर हवा, एक घोटही कमी नको.
गणिताची शिकवणी घेणारा माणूस,
हवाही मोजून मागतो.

लाकूड तिथे वळत नाही.
म्हणून इतवारी, म्हणून चांडकांचं दुकान,
जिथे मार्चपासून कूलरवाल्यांची गर्दी
आणि नंतर मूर्तीवाल्यांची.
मी दोन्हीत बसत नाही.
चांडक दर वेळी विचारतात, "कोणासाठी नेता, ताई?"
मी दर वेळी सांगते, माझ्यासाठी.

या वेळी बाबा सोबत होते.
सोनबा पराते, गोळीबार चौक,
चाळीस वर्षं माग, त्यातली शेवटची अठरा पॉवरलूमवर.
कान तिथेच ठेवून आले.

चांडकांनी तीन गुंडाळ्या काढल्या.
पहिली विणलेली. बाबांनी चिमटीत धरली,
तिरपी ओढली, सोडली,
नाकाशी नेली (मी ओरडले, व्यर्थ),
म्हणाले, "साधी वीण. बाणा ढिला हाये."
चांडक गप्प.
दुसरी रोव्हिंग, जाड, गोणपाटाची मावशी.
"हे कोपऱ्यात वळन नाई. ताठच राहीन."
तिसरी मॅट, साडेचारशे ग्रॅमची,
न्हाव्याने दुकान झाडून एका जागी लोटावं
तसे काचेचे तंतू, डिंकाने धरून ठेवलेले.
बाबांनी धागा शोधला.
उलटवून पुन्हा शोधला.
"ना ताणा, ना बाणा. याले कापड कोन म्हनते?"

मी समोर गेले, ओठ सावकाश हलवले:
हीच घ्यायची.
कुठल्याच दिशेची नाही, म्हणून कुठेही वळते.
रेझिन पडलं की डिंक सुटतो,
मॅट मऊ होऊन खड्ड्यात निजते.
इपॉक्सी महाग, आणि तिला हा डिंक सोडवता येत नाही,
म्हणून पॉलिस्टर, पाच किलो.
किती पोचलं, माहीत नाही.
त्यांनी मॅटचा एक तुकडा खिशात घातला
आणि रात्रभर मांडी खाजवली.

हार्डनरच्या बाटलीवर लिहिलंय, शंभराला दोन.
मे महिन्यात नागपुरात ते कोणी मानत नाही.
पहाटे चारला, गच्चीवर, शंभराला एक,
तरी दुसरा मग हातातच तापला,
धुराची एक रेघ काढून दगड झाला.
रिंगवर ताणलेला माझा जुना टी-शर्ट,
त्यावर मॅट फाडून. कापून नाही,
फाडलेली कड दुसरीत मिसळून जाते.
एक थर, रोलर, बुडबुडे, दुसरा थर.
तिसरा लावता लावता ऊन कठड्यावर आलं.
मी म्हटलं, पुरे.

दोन दिवसांनी ज्वारी ओतून मोजलं:
वीस लिटर, वर दोन मुठी.
सर खूष. मीही.
गाडीत बसवला, अँप जोडला,
चाळीस हर्ट्झचा नुसता सूर सोडला.
गाणं नाही, गाणं चुका झाकतं.

बाबा खाली आले.
लोखंडी जिना पायाखाली थरथरला म्हणून.
डिकीत वाकून डब्यावर तळवा ठेवला,
मागावरच्या कापडावरून फिरवायचे
तसाच फिरवला,
आणि खाली, रिंगच्या मागे, पोट वळतं तिथे
थांबवला.
"इथं पातळ हाये."
मी टिचकी मारली. काही कळेना.
"हालते इथं."
टॉर्च लावून पाहिलं. थर दोनच.

सर म्हणाले, राहू द्या हो,
गाणं लावल्यावर कोणाला ऐकू येतंय.
बाबांना ते ऐकू आलं नाही.
मला आलं. मी अँप बंद केला.

"किती लागेल?" समोर जाऊन विचारलं.
त्यांनी खिशातून तो तुकडा काढला,
त्या जागेवर धरून पाहिला,
कडेने थोडा कमी केला.
फाडून.